सतरावा गट

बाबा गेल्यावर काही दिवस इमारतीतले लोक जिन्यात हळू आवाजात बोलत होते. मग एके सकाळी पाण्याची टाकी धुण्याचे वेळापत्रक कोणालाच उघडेना, आणि आवाज पूर्ववत झाले.

वेळापत्रक कॉम्प्युटरवर होते आणि कॉम्प्युटर जिन्याखालच्या खोलीत होता. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर बाबांनी कुठलेसे जुने, भक्कम यंत्र आणून तिथे बसवले, त्याला बॅटरी जोडली, घराघरात वायरी फिरवल्या आणि त्यानंतरचे आयुष्य बहुतेक त्या खोलीतच काढले. आई वरून जेवायला हाक मारी, ते खालून "आलोच" म्हणत, आणि आमटी दोनदा गरम होई.

बाबांची एक पद्धत होती. इमारतीत भांडण झाले की ते गट काढत. कबुतरांना दाणे घालणाऱ्यांचा एक गट आणि कबुतरांना हाकलणाऱ्यांचा एक. गॅलरीतल्या कुंड्यांतून खाली पाणी सांडणाऱ्यांचा एक, ते पाणी अंगावर घेणाऱ्यांचा एक. प्रत्येक गटाला यंत्रात एक खोली, आणि त्या खोलीचे दार फक्त गटातल्यांनाच उघडे. आत बसून मनसोक्त तक्रारी लिहायच्या आणि बाहेर जिन्यात हसून बोलायचे, अशी ती व्यवस्था. बाबा स्वतः मात्र दोन्ही बाजूंच्या गटांत असत. "दोन्हीकडचं ऐकायला कोणीतरी नको का?" असे ते म्हणत, आणि दोन्हीकडचे लोक त्यांना आपलाच माणूस समजत. असे केल्याने इमारतीतले एकही भांडण मिटले नाही, पण एकही वाढले नाही. भल्याभल्या सरकारांना एवढे जमत नाही.

यंत्राला मराठी शिकवायचाही त्यांनी चंग बांधला होता. ते जे काही इंग्रजीत बोले ते सगळे त्यांनी हळूहळू मराठीत आणले. दुसऱ्याच्या खोलीचे दार ढकलले तर यंत्र म्हणे, "क्षमस्व. आपण आमच्यातले नाही." काम संपवून बाहेर पडताना ते ज्याच्या त्याच्या वतीने "येतो" किंवा "येते" म्हणे, कारण "जातो" म्हणून दारातून बाहेर पडलेले बाबांना चालत नसे. त्यांनी स्वतःचे नावही यंत्रात "बाबा" असेच ठेवले होते, त्यामुळे त्यांच्याहून वयाने मोठ्या सेक्रेटरींना नवीन गट हवा असला की "बाबा यांस" अशी सुरुवात करावी लागे. हे सेक्रेटरी कधी विसरले नाहीत.

वेळापत्रक उघडेना तेव्हा तेच सेक्रेटरी वर आले. जगातली प्रत्येक गोष्ट ठराव करून होते अशी त्यांची श्रद्धा असल्याने सगळी इमारत त्यांना ठरावकाका म्हणे. आईची विचारपूस करून झाल्यावर ते परगावाहून आलेल्या लेकीकडे वळले.

"ताई, आता यंत्र तुम्हीच बघा."

"काका, मी मुद्रितं तपासते. पुस्तकातल्या चुका काढते. यंत्रातलं मला काही कळत नाही."

"वडिलांना तरी कुठे कळत होतं सुरुवातीला? आम्हीच प्रोत्साहन दिलं."

हे खोटे होते, पण ठरावात बसेल असे होते.

परगावची नोकरी तिने तात्पुरती घरी आणली होती, म्हणजे प्रकाशकाचे गठ्ठे आता आईच्या जेवणाच्या टेबलावर पडत. यंत्राचा मुख्य परवलीचा शब्द आईला तोंडपाठ निघाला. अर्थ विचारल्यावर ती म्हणाली, "अर्थाचं मला नाही सांगितलं. फक्त म्हण म्हणाले."

तो शब्द घेऊन ती पहिल्यांदा जिन्याखालच्या खोलीत गेली. बाबा इथूनच दवाखान्यात गेले होते. "जरा छातीचं दाखवून येतो," असे आईला सांगून त्यांनी खोलीला कुलूप लावले, आणि त्यानंतर ते कोणी उघडले नव्हते. यंत्र सुरूच होते. पडद्यावर एक छोटी रेघ लुकलुकत होती, मालक पुढचे काय सांगतो याची वाट पाहत. तिने त्या कळफलकाला हात लावला नाही. बाजूला दुसरा पडदा होता, त्यावर तिने आपले नाव घातले आणि बाबांनी कधीतरी शिकवलेले पहिले वाक्य लिहिले: आत कोण आहे?

यंत्राने ताबडतोब उत्तर दिले.

बाबा : आत : गप्प
लेक : आत

"गप्प" हा बाबांचाच शब्द. येऊन बसलेला माणूस बराच वेळ काही लिहीत नसेल तर त्याच्यापुढे यंत्र तसे लिही. ती त्या ओळीकडे किती वेळ पाहत बसली कोण जाणे. मग तिने टाकीचे वेळापत्रक उघडून दिले, खोलीला कुलूप लावले आणि हे कोणालाही सांगितले नाही. त्यानंतर रोज सकाळी चहाच्या आधी ती वरून, आपल्या लॅपटॉपवरून, यंत्राला तो एकच प्रश्न विचारी. यंत्र रोज तेच उत्तर देई.

आता खरे तर मुख्य शब्द हातात असल्यावर तिला कुठल्याही खोलीत शिरता आले असते. पण बाबांचा नियम होता: ती किल्ली कुलूप दुरुस्त करायला, आत शिरायला नाही. आत जायचे तर त्या गटात रीतसर नाव घालून जायचे. तेव्हा तिने एकेका गटात आपले नाव घातले. टाकीसाठी टाकीचा गट, लिफ्ट अडकली म्हणून लिफ्टचा, आणि मग काही अडले नसतानाही एकेक. कारण तिला कळले होते की प्रत्येक खोलीत बाबांचा आवाज थोडा वेगळा आहे. कबुतरांच्या बाजूच्या खोलीत ते हळवे होते, विरुद्ध बाजूच्या खोलीत कडक. बुद्धिबळाच्या खोलीत तळमजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरांशी त्यांचा एक डाव अर्धा राहिला होता आणि चाल बाबांची होती. डॉक्टर अजून थांबले होते. तिला बुद्धिबळ येत नव्हते, तरी ती त्याही गटात गेली.

या सगळ्याआधीपासून ती फक्त एका गटात होती. ती नोकरीला परगावी गेली तेव्हा बाबांनी तो काढला होता, आणि त्यात दोघेच होते, ते आणि ती. गटाचे नाव "चुका". वर्तमानपत्रात, पाट्यांवर, लग्नपत्रिकांत सापडलेली छपाईची एकेक चूक बाबा त्यात टाकत, आणि ती तिकडून उघडून बघे. "समारंभात पाहुण्यांचे स्वगत झाले," ही त्यांची सगळ्यात आवडती. मुद्रिते तपासणाऱ्यांची एक खूण असते: खोडलेला शब्द खोडायचा नव्हता असे लक्षात आले, तर त्याच्याखाली टिंबे द्यायची. म्हणजे, असू द्या, तसेच ठेवा. पाहुण्यांच्या स्वगताखाली तिने टिंबे दिली होती. बाबांनी त्यावर लिहिले होते, "मान्य. मी त्या समारंभाला होतो."

बाबांचे सगळे गट आणि त्यांत हा, एवढ्यावर ती सुखी होती. पण ठरावकाकांना स्वस्थता नव्हती.

"ताई, यंत्र सांभाळणारी व्यक्ती कार्यकारिणीत नसणं बरं दिसत नाही. ठराव झालाय."

"कधी झाला?"

"सकाळी. फिरताना."

तेव्हा तिने कार्यकारिणीच्या गटातही आपले नाव घातले. दुसऱ्या दिवशी चहाच्या आधी नेहमीचा प्रश्न विचारला, नेहमीचे उत्तर मिळाले, आणि सवयीने तिने "चुका" उघडायला घेतले.

"क्षमस्व. आपण आमच्यातले नाही."

तिने पुन्हा उघडले. यंत्र पुन्हा तेच म्हणाले. तिने गटातली नावे पाहिली. दोन्ही जागेवर होती, "बाबा" आणि "लेक". नाव होते, दार उघडत नव्हते. आणि हे सांगायला शब्द बाबांचे. एखाद्या परक्या भाषेत नकार आला असता तर तिने तो सोसला असता. धंद्याच्या सवयीने तिने ते वाक्य तपासून पाहिले. त्यात एकही चूक नव्हती.

तिथून सल्ल्यांना सुरुवात झाली. तिची चूक एवढीच की जिन्यात भेटलेल्या कबुतरकाकूंना तिने "यंत्र जरा त्रास देतंय" असे सांगितले. काकूंच्या गॅलरीत सकाळी इतकी कबुतरे जमत की त्यांचे सकाळचे बोलणे हातवाऱ्यांनीच चाले. पण हा विषय त्यांनी जिन्यात थांबून बोलायचा ठरवला.

"बंद करून चालू करून पाहिलंस का?"

"नाही काकू. तशी गरज नाही."

"गरज नाही कशी? आमचा टीव्ही, मिक्सर, आमचे हे, सगळे तसेच सुरू होतात."

दाताच्या डॉक्टरांनी तोच सल्ला दिला, तेही तिचा जबडा दोन बोटांनी उघडा धरून, म्हणजे उत्तराची सोय न ठेवता. लिफ्टवाल्याने लिफ्टमधून दिला. प्रकाशकाने फोनवर दिला. जगात एवढी माणसे, एवढी मतभिन्नता, पण या एका बाबतीत मानवजातीचे एकमत आहे, हे तिला तेव्हा समजले. ज्याने आयुष्यात दिव्याचे बटण सोडून काही दाबले नाही तोही हा सल्ला ऐटीत देतो. ती प्रत्येकाला "बघते" म्हणे आणि खोलीचे कुलूप ओढून पाही. थोड्याच दिवसांत इमारतीत बोलले जाऊ लागले की मुलगी वडिलांपेक्षा हट्टी आहे. वडील निदान ऐकून तरी घेत.

आई म्हणाली, "एवढं सगळे म्हणताहेत तर करून टाक ना."

"आई, तूसुद्धा?"

"मी काय म्हटलं? मला काय कळतंय त्यातलं."

शेवटी तिने मावसभावाला फोन लावला. हा मावसभाऊ कॉम्प्युटरमध्ये होता. सगळे नातेवाईक हे असेच सांगत, जणू तो सहकुटुंब तिथेच राहायला गेला होता.

"एकूण किती गटांत आहेस तू?"

तिने मोजले. "सतरा."

"मग बरोबर आहे. ते यंत्र जुनं. एका माणसाचे सोळाच गट मोजतं. बनवणाऱ्यांना वाटलं, माणूस असून असून किती ठिकाणी असणार. सतरावं नाव ते लिहून घेतं, नाही म्हणत नाही. पण दारावर धरत नाही. आणि मोजतं जुन्या गटापासून. सगळ्यात नवा गट कुठला?"

"चुका," ती म्हणाली.

"हो, ती चूक आहेच, पण गट कुठला?"

तिने विषय पुढे नेला. "मग उपाय काय?"

"दोन आहेत. एक गट सोड. नाहीतर मर्यादा काढ. आत एका ठिकाणी सोळा लिहिलंय, तिथे हजार लिहायचं, यंत्राला स्वतःची नव्यानं जुळणी करायला सांगायचं. मी सांगतो कसं. आणि मग फक्त बंद करून चालू करायचं."

तिने जिन्याखालच्या खोलीची किल्ली टेबलावरून उचलून मुठीत घेतली.

"अगं, आहेस ना?"

"बंद न करता नाही होत?"

"नाही. आणि बंद केलं की आत जे कोणी असतील ते सगळे बाहेर पडतील, तेवढं आधी सांगून ठेव. काकांना मी हे कितीतरी वर्षांपूर्वी सुचवलं होतं. म्हणाले, इमारतीचं काम थांबवायला नको, राहू दे. मी एक कमी करतो."

म्हणजे एक गट सोडणे हाच शहाणा उपाय होता. तिने तो मनावर घेतला. मर्यादा बदलून, जुळणी करून ठेवली खरी, पण यंत्र बंद न करता ती गट सोडायला बाहेर पडली. माणसाला कुठल्याही गटात शिरताना कोणी फारसे विचारत नाही. बाहेर पडताना मात्र त्याची चौकशी होते.

कबुतरकाकूंना सांगितले तर त्यांनी दाण्यांचा डबा खाली ठेवला. "म्हणजे तू त्या दातवाल्याकडे गेलीस."

"नाही काकू, मला जागा पुरत नाहीये."

"कबुतरांनाही पुरत नाही. म्हणून ती येतात ना आपल्याकडे."

दाताच्या डॉक्टरांकडे कबुतरे हाकलणाऱ्यांच्या गटाचा राजीनामा नेला तर ते म्हणाले, "काकूंनी काय कबूल केलं तुला?" बुद्धिबळाचा गट तिला सोडता येईना, कारण तिथे चाल बाबांची होती. कुंड्यावाल्यांनी समजुतीसाठी चहा पाजला, पाणी अंगावर घेणाऱ्यांनी त्यांच्यापेक्षा चांगला चहा पाजला. संध्याकाळपर्यंत तिच्या पोटात सात कप चहा होता आणि गट सतराच होते.

उरली कार्यकारिणी. ती तर नको असताना मिळाली होती. रविवारी सकाळच्या सभेत, गच्चीवरच्या खुर्च्यांवर, तिने उभे राहून विनंती केली की मला या गटातून मोकळे करावे.

"कारण?" ठरावकाकांनी विचारले.

"जागा नाही."

ठरावकाकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"हेच," ते म्हणाले. "अक्षरशः हेच. तुमचे वडील याच खुर्चीसमोर उभे राहिले आणि म्हणाले, काका, जागा नाही. अहो, सातजणांच्या कार्यकारिणीत आम्ही पाच होतो. जागाच जागा होती. लोक म्हणाले जिन्याच्या रंगावरून बिनसलं. मला विचारत होते, काका, तुम्ही काय बोललात त्यांना? मी काय बोलणार? मी झोपलो नाही त्या आठवड्यात."

"कधीची गोष्ट?" तिने विचारले.

"तुम्ही नोकरीला गेलात ना, तेव्हाची. आम्हाला वाटलं, मुलगी गेली, मन लागत नसेल."

ती खाली बसली. इमारतीतल्या सगळ्यात मानाच्या गटातून बाबा उठून गेले होते, सगळ्यांचे गैरसमज पत्करून, आणि त्या रिकाम्या जागेत त्यांनी दोन माणसांचा एक गट बसवला होता. पाहुण्यांचे स्वगत झाले, एवढे तिला कळवता यावे म्हणून. तिला हे कधी सांगितले नाही. सांगितले असते तर तिने रोज उघडून पाहिले असते, की तेव्हासारखे आठवड्यातून एकदाच, हे आता सांगता येत नव्हते.

"काका," ती म्हणाली, "ते तुमच्यावर रागावले नव्हते. यंत्रच एका माणसाला सोळाहून जास्त गट देत नाही. त्यांचे खरंच सोळा झाले होते."

एवढ्या वर्षांचे दुखणे असे एका आकड्यात मिटावे हे ठरावकाकांना थोडे कमीपणाचे वाटले असावे. मग ते सावरले.

"ही मर्यादा काढता येते?"

"येते," ती म्हणाली, आणि त्याच क्षणी आपण काय बोलून बसलो हे तिच्या लक्षात आले.

"तर ठराव. यापुढे या इमारतीत 'जागा नाही' हे कारण कोणालाही देता येऊ नये, सबब यंत्रातली मर्यादा काढण्यात यावी."

"मर्यादा काढली तर सगळेच सगळ्यात शिरतील," डॉक्टर म्हणाले.

"तुम्ही आमच्यात नका शिरू म्हणजे झालं," कबुतरकाकू म्हणाल्या.

"सर्वानुमते मंजूर," ठरावकाका म्हणाले. "त्यासाठी काय करावं लागेल, ताई?"

तिच्याऐवजी सगळ्या गच्चीने एका सुरात उत्तर दिले.

ती दुपारी खाली गेली. कुलूप काढले, आत बसली, आणि बसूनच राहिली. मधल्या काळात तिने बॅटरी तपासली, धूळ पुसली, वायरी सरळ केल्या. शेवटी पुसण्यासारखे काही उरले नाही, तेव्हा तिने बाजूच्या पडद्यावर रोजचा प्रश्न विचारला. बाबांच्या पडद्यावरची रेघ लुकलुकत होती.

जिन्यावर पावले वाजली आणि आई दारात आली. या खोलीत ती कधी येत नसे. वरूनच हाक मारी.

"जेवायचं नाही का? हाक मारून घसा बसला माझा."

"आलेच."

आईने तिच्याकडे पाहिले. मग तिच्या खांद्यावरून त्या बाजूच्या पडद्याकडे. आईचा चष्मा वर राहिला होता, त्यामुळे तिने बोट ठेवून एकेक अक्षर लावले.

"बाबा. आत. गप्प." तिने बोट परत पहिल्या अक्षरावर नेले. "हे काय? अजून आतच आहेत?"

लेकीने मान डोलावली. "यंत्राला माहीत नाहीये, आई. ते उठले तेव्हा सांगून उठले नव्हते. आता बंद केलं की नाव जाईल."

"म्हणून बंद करत नव्हतीस होय? आणि सगळी इमारत तुला हट्टी म्हणते."

"तूही म्हणालीस."

"मी म्हणणारच. मी आई आहे." आईने कोपऱ्यातले स्टूल ओढले आणि बाबांच्या पडद्यासमोर बसली. लुकलुकणाऱ्या रेघेकडे ती बराच वेळ पाहत होती, चूल बंद केली की नाही ते आठवावे तशी. मग पदराने तिने कळफलकाची कड पुसली.

"यांना असंच काढायचं नाही," ती म्हणाली. "इतकी वर्षं मी वरून ओरडत होते, तेव्हा आलोच म्हणायचे आणि यायचे नाहीत. खाली येऊन कधी बोलावलं नाही मी. बाहेर पडायचं तर काय लिहायचं असतं?"

तिने सांगितले. आधी मात्र तिने पडद्यावरची ती ओळ आपल्याकडे उतरवून घेतली. मग आईने एका बोटाने, एकेक कळ शोधत, निरोपाचा शब्द लिहिला.

"चला आता वर," आई पडद्याला म्हणाली, आणि शेवटची कळ दाबली.

पडद्यावर एकच शब्द आला: "येतो."

रेघ थांबली.

"बघ," आई म्हणाली. "पहिल्यांदा हाकेसरशी उठले." मग ती स्टुलावरून उठली, गुडघा धरून जरा थांबली, आणि आमटी गरम करायला वर गेली.

तिने यंत्र बंद केले. त्याचा पंखा थांबला तेव्हा कळले की त्या खोलीत इतकी वर्षे एक आवाज होता. मग तिने ते चालू केले. पंखा घरघरला, यंत्राने आपले सगळे अवयव एकेक करून मोजले आणि तिला आत घेतले. आत कोण आहे, असे तिने विचारले.

लेक : आत

एवढेच. तिने "चुका" उघडले, आणि दार लागलेच नव्हते असे उघडले. शेवटची नोंद बाबांची होती, एका दुकानाच्या पाटीवरची: "आमची कोठेही शाखा होती." तिला हसू आले. त्याखाली टिंबे द्यायची राहिली होती, ती तिने दिली.

मग त्याखाली तिने स्वतःला सापडलेली एक चूक लिहिली. चूक यंत्राची होती, तपासून पाहिलेली, कुठलाही मुद्रितशोधक पहिल्या वाचनात खोडेल अशी.

बाबा : आत : गप्प

वरून आईची हाक आली. "आलेच," ती म्हणाली, आणि ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत टिंबे देत गेली.